मुक्या जनावराला किती कळते?

ज्या घरी कुत्रा आहे, मांजर आहे, गोठ्यात एखादी जुनी गाय आहे, त्या घरी एक वाक्य हटकून ऐकू येते: 'अहो, याला सगळं कळतं. फक्त बोलता येत नाही, एवढंच!' आजी हे म्हणते, शेतावरचा गडी म्हणतो, आणि कॉलेजात शिकणारा नातू सुटीत घरी आला की तोही म्हणतो. मोत्याने भाकरी पळवली, तर धनी दारात दिसताच तो कान पाडून कोपऱ्यात जातो. धनी बाजाराहून यायच्या सुमारास वेशीपर्यंत जाऊन उभा राहतो. घरात कोणी आजारी पडले तर खाटेखालून हलत नाही. यावरून आपण ठरवून टाकतो की त्याचे मन आपल्या मनासारखेच आहे. त्याला लाज आहे, वेळेचे भान आहे, दुसऱ्याच्या दुःखाची जाण आहे. उणीव काय ती वाचेची.

हे वाक्य कितपत खरे आहे, याची चौकशी करण्याचा एक मोठा खटाटोप सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिन शहरात झाला. निमित्त होते एका घोड्याचे. घोडा काही उंबऱ्याशी निजणारे जनावर नव्हे, हे कबूल. परंतु त्या घोड्याच्या परीक्षेत जे सापडले ते पुढे कुत्र्यामांजरांना लागू पडले, पोलिसांना लागू पडले, आणि शेवटी शाळामास्तरांच्याही अंगावर आले. म्हणून ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी. आपल्याकडे जनावराला मन आहे की नाही असा वाद फारसा कोणी घातला नाही. पंचतंत्रातले कोल्हे-करकोचे राजकारण बोलतात आणि युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्रा जातो, हे ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. युरोपात मात्र या प्रश्नावर दोन तट पडले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये देकार्त नावाचा थोर तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचे मत असे, की जनावर म्हणजे एक यंत्र. घड्याळ बिनचूक ठोके देते म्हणून त्याला वेळ समजते असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. दुसऱ्या टोकाला एकोणिसाव्या शतकात डार्विन उभा राहिला. माणूस आणि वरच्या पायरीवरची जनावरे यांच्या मनांत फरक आहे तो कमीअधिकपणाचा, जातीचा नव्हे, असे त्याने १८७१ साली मांडले.

डार्विनचे म्हणणे लोकांना पटले. कदाचित जरा जास्तच पटले. त्याचा एक तरुण स्नेही जॉर्ज रोमानीस याने १८८२ साली जनावरांच्या बुद्धीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ठिकठिकाणाहून आलेल्या हकीकती होत्या: कोणाचे मांजर कडी काढते, कोणाचा कुत्रा कसा वागतो. रोमानीस हा विद्वान मनुष्य होता आणि त्याने हकीकती निवडूनच घेतल्या होत्या. तरीसुद्धा हकीकत ती हकीकतच. पुढे थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर मार्मिक बोट ठेवले. कुत्री शेकडो वेळा रस्ता चुकून हरवतात, त्यांची कोणी बातमी करीत नाही. एखादे चुकूनमाकून घरी परतले की त्याची गोष्ट होते आणि ती ग्रंथात जाते. आपल्या गावातही असेच होते, नाही का? मोत्या धन्याची वाट बघत वेशीवर उभा राहिला तो दिवस आपल्या लक्षात राहतो. तो उभा राहिला आणि धनी आलाच नाही, असे दिवस कोण मोजतो?

या गोष्टींच्या पुरात पहिला बांध घातला तो ब्रिस्टलच्या लॉइड मॉर्गनने. त्याच्याकडे टोनी नावाचा टेरिअर जातीचा कुत्रा होता. हा टोनी अंगणाच्या लोखंडी फाटकाची खिट्टी डोक्याने वर उचलून रस्त्यावर जाई. पाहुणे म्हणत, केवढी अक्कल! पण मॉर्गनने हा प्रकार पहिल्या दिवसापासून पाहिला होता. टोनी रस्ता बघायला गजांतून डोके बाहेर काढी, कधी इथून, कधी तिथून. एकदा त्याचे डोके खिट्टीखाली आले, खिट्टी उचलली गेली, फाटक उघडले. पुढे नेमक्या जागी डोके घालून झटकन फाटक उघडायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. ज्याने शेवटच्या दिवशी पाहिले त्याला वाटले, कुत्र्याला खिट्टीचे तत्त्व समजले आहे. ज्याने पहिल्यापासून पाहिले त्याला दिसले, की ही ठेचा खात लागलेली सवय आहे. मॉर्गनने १८९४ साली एक दंडक घालून दिला, तो आजही शिकवतात. जनावराचे एखादे कृत्य साध्या मनोव्यापाराने समजावून देता येत असेल, तर उगाच वरच्या दर्जाच्या बुद्धीची कल्पना करू नये.

थॉर्नडाइकने १८९८ साली तेच मांजरांवर मोजून दाखवले. भुकेले मांजर लाकडी पेटीत कोंडायचे, बाहेर खाणे ठेवायचे. दोरीचा फास ओढला की दार उघडे. मांजर ओरबाडते, चावते, धडपडते आणि कधीतरी फास ओढला जातो. दर खेपेला बाहेर यायला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला, कधी वाढलासुद्धा. 'हां, कळलं!' असे होऊन तो एकाएकी खाली आला, असे सहसा दिसले नाही.

आता बर्लिनला येऊ.

विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे तेथले सेवानिवृत्त शिक्षक. विषय गणित. लांब पांढरी दाढी, डोक्यावर रुंद काठाची टोपी, स्वभाव हट्टी. त्यांची ठाम श्रद्धा होती की घोड्याला बुद्धी आहे. आजवर त्याला कोणी नीट शिकवले नाही एवढेच. त्यांनी हान्स नावाचा एक घोडा घेतला आणि घरामागच्या फरसबंदी अंगणात अक्षरशः शाळा मांडली. फळा होता, मणी सरकवण्याची चौकट होती, मोजायला लाकडी खुंट होते. बरोबर उत्तराला गाजराचा किंवा पावाचा तुकडा. सुमारे चार वर्षे हे गृहस्थ रोज घोड्याला अंकगणित शिकवीत राहिले. प्राथमिक शाळेत बिगारीचा वर्ग सांभाळलेल्या कोणाही शिक्षकाला या चिकाटीचे मोल कळेल.

आणि घोडा शिकला! उजव्या पुढच्या पायाचा खूर आपटून तो उत्तरे देई. बेरीज, वजाबाकी, गुणाकार तर करीच, अपूर्णांकही करी. दोन पंचमांश अधिक एक द्वितीयांश किती, असे विचारले की आधी नऊ टापा, मग दहा: म्हणजे नऊ दशांश. महिन्याच्या आठ तारखेला मंगळवार असेल तर पुढच्या शुक्रवारी तारीख कोणती? टापा अकरा. अक्षरांचा एक तक्ता केला होता. त्यातील ओळ आणि घर टापांनी सांगून तो शब्द लिहून दाखवी. होय-नाही मानेने सांगे. १९०४ सालच्या उन्हाळ्यात रोज दुपारी त्या अंगणात गर्दी जमू लागली. वर्तमानपत्रांतून हान्स गाजला, अमेरिकेपर्यंत बातमी गेली. लोक त्याला 'हुशार हान्स' म्हणू लागले. फॉन ऑस्टेन यांनी या खेळाचा एक पैसाही घेतला नाही, हे ध्यानात ठेवावे.

काही लोक म्हणाले, ही चलाखी आहे. तेव्हा १३ जणांची एक समिती बसली. कार्ल श्टुम्फ हे बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख तिचे पुढारी. इतर सभासदांत सर्कशीचा मालक होता, प्राणिसंग्रहालयाचा अधिकारी होता, जनावरांचा डॉक्टर होता, लष्करी अंमलदार आणि शिक्षक होते. म्हणजे ज्यांना जनावरांच्या साऱ्या लटपटी ठाऊक असे लोक होते. त्यांनी बारकाईने पाहिले. १२ सप्टेंबर १९०४ रोजी निकाल दिला, की यात कसलीही ठरवलेली खूण नाही, लबाडी नाही. सर्वांत मोठा पुरावा असा, की फॉन ऑस्टेन जागेवर नसताना परक्या माणसाने प्रश्न विचारला तरी हान्स बरोबर उत्तर देई. मालकच नाही, मग खूण करणार कोण?

इथे बहुतेक चौकश्या संपतात. श्टुम्फ यांनी मात्र आपला सहकारी ओस्कर फुंग्स्ट याला पुढचे काम सांगितले, आणि या फुंग्स्टने जे केले ते आजही शिकण्यासारखे आहे. त्याने अंगणात तंबू ठोकला, म्हणजे बघ्यांचा उपद्रव नको. मग साधा प्रश्न केला: विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर काय होते? आकड्यांची पाटी घोड्यापुढे अशी धरायची की ती घोड्याला दिसेल, पण धरणाऱ्याला दिसणार नाही. किंवा फॉन ऑस्टेन यांनी घोड्याच्या कानात एक आकडा सांगायचा, फुंग्स्टने दुसरा, आणि हान्सने बेरीज करायची. बेरीज घोड्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही.

हान्स पार कोसळला. आकडे वाचण्याच्या परीक्षेत विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना तो शेकडा ९८ वेळा बरोबर येई. माहीत नसताना शेकडा ८ वेळा. मग त्याच्या डोळ्यांना मोठी झापडे बांधली. विचारणारा दिसेनासा झाला की उत्तरही जाई. बिचारा मान वाकडी करकरून माणूस दिसतो का ते बघू लागला.

म्हणजे उत्तर घोड्याच्या डोक्यात नव्हते, माणसाच्या अंगावर होते. कुठे होते ते फुंग्स्टने पुष्कळ निरीक्षणानंतर हेरले. प्रश्न विचारून झाला की माणूस टापा मोजण्यासाठी नकळत किंचित पुढे वाकून खुराकडे पाहतो. तेव्हा घोडा सुरू करतो. टापा बरोबर आकड्यावर आल्या की माणसाच्या मनावरचा ताण सुटतो आणि डोके अगदी किंचित वर उचलले जाते. तेव्हा घोडा थांबतो. ही हालचाल पुष्कळदा एक मिलिमीटरसुद्धा भरत नसे. फॉन ऑस्टेन यांच्या रुंद काठाच्या टोपीमुळे ती घोड्याला जरा ठळक दिसे, एवढेच. फुंग्स्टने खात्री करून घेतली. काहीही न विचारता नुसते वाकले की हान्स टापा देऊ लागे. डोके उचलले की थांबे.

आपल्याकडच्या वाचकांना हे वाचून नंदीबैल आठवला असेल. गुबूगुबू वाजवीत नंदीबैलवाला दारात येतो, विचारतो, 'औंदा पाऊसपाणी चांगलं हाय का?' आणि अंगावर झुली घातलेला तो धिप्पाड बैल मान हलवतो. कासरा आणि वाद्य ज्याच्या हाती आहे, त्याच्या इशाऱ्यावर बैल चालतो, हे लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून तर होयबाला आपण नंदीबैल म्हणतो. परंतु बर्लिनच्या अंगणात एक मोठा फरक होता. नंदीबैलवाल्याला आपण खूण करतो हे माहीत असते. फॉन ऑस्टेन यांना माहीत नव्हते. ज्यांनी ज्यांनी हान्सला प्रश्न विचारला त्यांपैकी कोणालाही माहीत नव्हते. तेरा जाणत्या माणसांनी घोड्याकडे डोळे लावून पाहिले. घोडा मात्र त्यांच्याकडे पाहत होता.

फुंग्स्टने पुढे एक गमतीचा प्रयोग केला. स्वतः घोडा झाला! २५ माणसांना समोर बसवून त्यांना मनात एकेक आकडा धरायला सांगितले, आणि आपण हाताने टेबलावर टकटक करीत त्यांच्या डोक्याकडे पाहत राहिला. दोघांखेरीज बाकी सर्वांचे डोके योग्य आकड्यावर हलले, आणि कोणालाच आपले डोके हलल्याचा पत्ता नव्हता.

या सगळ्यात फॉन ऑस्टेन यांचे काय झाले? माझ्या मते ही या हकीकतीतील सर्वांत करुण बाजू. हा मनुष्य लबाड नव्हता. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी एका श्रद्धेला वाहिली होती, आणि एका तरुण संशोधकाने ती तंबूत बसून मोडली. त्यांनी निष्कर्ष मानला नाही. पुढे घोड्यावर प्रयोग करू देण्याचे नाकारले. १९०९ साली ते वारले. हान्स एल्बरफेल्ड गावच्या कार्ल क्राल नावाच्या जवाहिऱ्याकडे गेला. त्यानेही घोड्यांची शाळा काढली आणि १९१२ साली 'विचार करणारी जनावरे' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. फुंग्स्टचा अहवाल १९०७ सालीच छापून निघाला होता. तरी एल्बरफेल्डचे घोडे बघायला लोक जातच होते. लोकांना हिशेब करणारा घोडा हवा असतो.

हान्सची फजिती झाली, असे या हकीकतीचे सार पुष्कळ पुस्तकांत दिलेले असते. मला ते अर्धवट वाटते. फजिती झाली ती गणिताची. परंतु ज्या हालचाली तेरा तज्ज्ञांना दिसल्या नाहीत, त्या या जनावराने आपणहून हेरल्या. त्या शिकवाव्यात असे शिकवणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते. चार वर्षे मास्तर अपूर्णांक शिकवीत होते आणि विद्यार्थी मास्तरांचा अभ्यास करीत होता. याला अक्कल म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? ती आपल्या छापाची नव्हे, एवढे खरे.

आता घरच्या मोत्याकडे वळू. कुत्रा निदान १४,००० वर्षे माणसाच्या सोबत आहे. इतक्या पिढ्यांच्या सहवासात त्याच्या अंगी काय मुरले असेल? ब्रायन हेअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. दोन भांडी ठेवायची, एकाखाली खाणे, आणि माणसाने बोटाने किंवा नजरेने ते दाखवायचे. चिंपांझी म्हणजे माणसाचा जवळचा नातलग. त्याला ही खूण घेणे जड गेले. माणसाने वाढवलेले लांडगेही मागे पडले. कुत्र्यांनी, अगदी पिल्लांनीसुद्धा, ती चटकन घेतली. कोणी म्हणेल, ही साहेबांच्या गादीवर निजणारी कुत्री असतील. तर कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने आपल्या रस्त्यांवरच्या बेवारशी कुत्र्यांची परीक्षा घेऊन २०२० साली निष्कर्ष छापले. बरीचशी कुत्री भीतीने जवळच आली नाहीत; ते साहजिक आहे, दगड कोणी मारले असतील ते त्यांना ठाऊक. पण जी आली त्यांतल्या सुमारे ८०% कुत्र्यांनी बोटाची दिशा बरोबर धरली. यांना कोणी शाळेत घातले नव्हते.

मग भाकरी पळवल्यावर मोत्याचे कान पडतात ते? न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली, आणि ती फुंग्स्टच्या वळणाची आहे. मालकाने कुत्र्याला खाऊ दाखवून 'हात लावायचा नाही' म्हणून दटावायचे आणि बाहेर जायचे. मागे काय घडले ते त्याला कधी खरे सांगायचे, कधी खोटे. ज्या कुत्र्याने खाऊला तोंडही लावले नव्हते, त्याला मालकाने रागे भरले तर त्याचा चेहरा चोरासारखा झाला. उलट ज्याने खाऊ फस्त केला होता, पण ज्याच्या मालकाला तो शहाण्यासारखा वागला असे सांगितले होते, त्याचा चेहरा तितका पडला नाही. म्हणजे तो पडलेला चेहरा कुत्र्याच्या अपराधाचा नसून आपल्या कपाळावरच्या आठीचा आहे. त्याच्या मनात पश्चात्ताप मुळीच नसतो, असे यावरून सिद्ध होत नाही, हे होरोविट्झही सांगतात. पण त्याच्या तोंडाकडे बघून 'बघा, कबूल झाला!' म्हणत चार रट्टे घालणाऱ्याने जरा थांबावे.

दुसऱ्या बाजूला कुत्र्याचा पराक्रमही पाहावा. अमेरिकेतील जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चेसर नावाच्या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे शिकवली. २०११ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इथेही एका निवृत्त शिक्षकाने वर्षानुवर्षे खपून जनावराला शिकवले. पण मधल्या शंभर वर्षांत फुंग्स्ट होऊन गेला होता. पिलींनी खेळणी अशी आडोशाला ठेवली, की कुत्री निवड करीत असताना सांगणारा तिला दिसत नसे आणि ती सांगणाऱ्याला दिसत नसे. तरीही ती बरोबर वस्तू घेऊन येई. हान्स जिथे नापास झाला तिथेच चेसर पास झाली, आणि म्हणूनच तिचे पास होणे मोलाचे. मांजराबद्दल थोडक्यात सांगतो: त्याला आपले नाव ओळखता येते, असे जपानमधील संशोधकांनी २०१९ साली दाखवले. हाक ऐकून ते येईलच, असे मात्र त्यांनीही म्हटलेले नाही!

इथवर सारे मौजेचे वाटेल. पण एखाद्या माणसाचे प्राण किंवा स्वातंत्र्य यावर लोंबकळत असेल तर? पोलिसांचा कुत्रा गावात येतो, चोरीच्या जागेचा वास घेतो आणि जमलेल्या लोकांतून एकाजवळ जाऊन उभा राहतो. कुत्र्याचे नाक थोर आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा, की पट्टा धरणाऱ्याच्या मनात आधीच कोणाचा संशय असेल तर? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली अशा १८ जोड्यांची, म्हणजे कुत्रा आणि त्याचा शिपाई यांची, परीक्षा प्रसिद्ध केली. इमारतीत अमली पदार्थ किंवा स्फोटके कुठेच ठेवलेली नव्हती. शिपायांना मात्र सांगितले होते, की जिथे लाल कागद चिकटवला आहे तिथे माल आहे. कुत्र्यांनी 'इथे आहे' असे वारंवार सांगितल्याची नोंद झाली, आणि कागद लावलेल्या जागी सर्वांत जास्त. कुत्र्याला तो कागद काय समजणार? जे समजले ते शिपायाला. मग शिपायाच्या अंगावरून ते कुत्र्याने वाचले, की कुत्र्याने न केलेला इशारा शिपायालाच दिसला, हा निवाडा आणखी अवघड.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय १९६९ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खुनाच्या खटल्यात आला. अशा पुराव्यावर कोणते आक्षेप घेतले जातात ते न्यायालयाने तेथे नोंदले. कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीने त्याचा शिपाईच बोलतो. आणि माणसाचे प्राण व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. पुढे २००१ सालच्या एका निकालात याच न्यायालयाने कुत्र्याची किंवा त्याच्या धन्याची चूक होण्याचा संभव स्पष्टपणे बोलून दाखवला. फुंग्स्टचा तंबू असा न्यायमंदिरापर्यंत पोचतो.

शिक्षकबंधूंसाठी अजून एक शेपूट बाकी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली काही विद्यार्थ्यांना उंदीर दिले. अर्ध्यांना सांगितले की तुमचे उंदीर हुशार जातीचे आहेत, अर्ध्यांना सांगितले की तुमचे मठ्ठ आहेत. उंदीर वास्तविक एकाच तऱ्हेचे. पण 'हुशार' उंदीर वाटा शिकण्यात पुढे गेले! याच रोझेन्थालने १९६५ साली फुंग्स्टचे जुने पुस्तक नव्या प्रस्तावनेसह पुन्हा छापवले, आणि १९६८ साली शाळेतल्या मुलांवरचा असाच प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांची नावे नुसत्या चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून शिक्षकांना सांगितले, की ही मुले लवकरच चमकणार आहेत. पहिली-दुसरीच्या वर्गांत ती मुले खरोखरच इतरांपेक्षा पुढे गेल्याचे आढळले. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि परिणाम वाटला होता त्याहून बराच लहान आहे असे आजचे मत आहे. तो संपूर्ण खोटा मात्र ठरला नाही. तोंडी परीक्षेला बसलेला मुलगा उत्तर देताना फळ्याकडे न बघता मास्तरांच्या भुवईकडे बघतो, हे आपण सगळेच जाणतो. 'सात साती... पंचेचाळीस?' भुवई चढली. 'नाही, नाही, एकोणपन्नास!' मास्तर खूश. त्या मुलाला पाढा आला की मास्तर आले?

ज्यांना आपल्या मोत्याची परीक्षा घ्यावीशी वाटते त्यांनी ती जरूर घ्यावी. शाळेतल्या मुलांना सोबत घेतले तर उत्तमच. दोन सारख्या वाट्या उपड्या घालाव्यात, एकीखाली भाकरीचा तुकडा ठेवावा. ठेवताना कुत्रा आणि त्याला सोडणारा मुलगा दोघेही भिंतीआड असावेत. आधी तुकडा कुठे आहे हे ठाऊक असलेल्या मुलाने वाट्यांमागे गप्प उभे राहून कुत्र्याला वीस वेळा बोलवावे. मग ज्याला ते ठाऊक नाही अशा मुलाने वीस वेळा. तुकडा ठेवणाऱ्याने या वेळी आड जाऊन बसावे, नाही तर कुत्रा त्याच्याकडे बघेल. उजवी की डावी हे दर खेपेला पैसा उडवून ठरवावे आणि निकाल पाटीवर मांडत जावा. दोन्ही वाट्यांना आतून आधी भाकरी चांगली चोळून घ्यावी. नाही तर मोत्या तुमच्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता नाकानेच सारा निकाल लावून मोकळा होईल.